बारा नंबर अजून कागदावर

१० नोव्हेंबर, रविवार

झालं! पंधरा विरुद्ध एक मतानं सोसायटीचा सगळा कारभार ॲपवर. नोटिसा, तक्रारी, सभेचं इतिवृत्त, पाण्याच्या वेळा, कुणाकडे कोण पाहुणा आला – सगळं. विरुद्ध मत बारा नंबरच्या कोठाऱ्यांचं. मी सचिव, त्यामुळे हात बाजूनं वर केला. मनातून तो वर जात नव्हता, ते फक्त इथं लिहिते.

अभिषेक सात नंबरचा. आमचा नवा अध्यक्ष, छत्तीस वर्षांचा, पोरगा गुणी आहे. किती गोड बोलत होता! "मावशी, चौदा वर्षं तुम्ही एकट्यानं खेचलंत. आता रिलॅक्स. सगळा डेटा कंपनी सांभाळणार, आपण फक्त बटण दाबायचं." मग सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून माणसाला घरी बसवायची रीत ऑफिसातही बघितली आहे. शाल-श्रीफळ तेवढं राहिलं.

कुणीतरी कोठाऱ्यांना विचारलं, "तुमचा विरोध का?" म्हणाले, "मला कागद लागतो." आणि चष्मा खिशात ठेवला. मग ठरावात एक ओळ वाढली – ज्या सभासदाकडे ॲप नसेल त्याला कागदी प्रत देऊन सही घ्यावी. ती ओळ मी सुचवली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

ॲपवरची पहिली नोटीस. गुरुवारी टाकीसफाई, पाणी भरून ठेवा. दहा वाजता पाठवली. दहा वाजून नऊ मिनिटांनी पंधराच्या पंधरा घरांपुढे निळी खूण – बघितलं. नऊ मिनिटं!

एरवी या एका नोटिशीला माझी अख्खी सकाळ जायची. जिन्याखालच्या ऑफिसात बसून टाइप करा, प्रिंट काढा, पॅडला लावा आणि निघा सह्या घ्यायला. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. सहीला लागतात दोन सेकंद, बाकीचा वेळ बोलण्यात. पण राधाबाईंचा पाय सुजलाय, तीन नंबरच्या सुनेला दिवस गेलेत, सोळात हल्ली नवराबायको बोलत नाहीत – एका फेरीत बिल्डिंगची तब्येत कळायची. आता निळी खूण कळते. खुणेचा पाय सुजत नाही.

माझी फेरी ठरलेली. पहिला, दुसरा, मग थेट चौथा, आणि उतरताना तिसरा. बारा नंबर सगळ्यात शेवटी. गुडघ्यांना तसं बरं पडतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

एकाच घरासाठी प्रिंट काढली. पॅडला लावली. शाई संपत आलीय, अर्धी अक्षरं फिकी.

कोठाऱ्यांनी दार उघडलं, चष्मा लावला आणि उभ्यानंच सगळी नोटीस वाचली. ते नेहमी वाचतात. सोळा घरांत सही करण्याआधी वाचणारा हा एकच माणूस. आणि वाचून झालं की चूक काढणारच!

"दिघेबाई, 'सकाळी दहा ते दुपारी दोन' लिहिलंत. पाणी नक्की दोनला येणार की दोननंतर?"

"टाकीला विचारून सांगते."

"तसं लिहा मग."

सही केली. झोकदार, खाली तारीख. मग चहा. त्यांचा चहा मला जमत नाही तितका छान होतो, हे मी त्यांना कधी सांगणार नाही. सोबत भानोलं होतं, कोबी आणि कोळंबी घालून भाजलेलं. त्यांची बायको उर्मिला गेल्यावर ते पुस्तकात बघून शिकले. पहिल्या वर्षी कोळशासारखं व्हायचं. आता चांगलं होतं. मी म्हटलं, "पाठारे प्रभूंना मासळीत कोबी घालायची काय हौस!" ते म्हणाले, "तुम्हा सीकेप्यांना वाल सोलण्यापुढे काही सुचत नाही, त्याचं काय?" नऊ वर्षं हेच भांडण चाललंय. ते दोघं गिरगावातली जागा सोडून इथं आले तेव्हा उर्मिलेनं सुरू केलेलं. ती सहा वर्षांपूर्वी गेली, भांडण राहिलं.

पाऊण तास बसले. एका सहीला पाऊण तास.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज नोटीस काढण्यासारखं काही नव्हतं. तरी काढली. 'जिन्यात चपला ठेवू नयेत.'

२४ नोव्हेंबर, रविवार

अभिषेक घरी आला. नाचणीची बिस्किटं घेऊन! पोरगं बिस्किटं घेऊन आलं की समजावं, काहीतरी कडू गिळायचंय.

"मावशी, फक्त बारा नंबर राहिलाय. एकासाठी तो खटारा पीसी आणि प्रिंटर ठेवायचा? ते काढलं की जिन्याखाली सायकली राहतील. काकांना तुम्ही शिकवा ना. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत ते."

"माझं ऐकतात असं कुणी सांगितलं?"

हसला नुसता. मी हो म्हटलं. सचिव आहे मी, नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तर शिकवायला रोज जावं लागेल हेही लगेच डोक्यात आलं. शिकले की जाणं बंद होईल, हे मात्र जिना उतरताना आलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला धडा. ध्रुवनं – त्यांचा मुलगा, बंगळूरला असतो – गेल्या दिवाळीत टॅब्लेट पाठवलाय. कपाटात होता, खोक्यासकट. कोठारे त्याच्याकडे असे बघत होते, जणू पाहुणा आलाय आणि नाव आठवत नाहीये. मी म्हटलं, "घाबरू नका, चावत नाही." त्यांनी एक बोट पुढे केलं, परत मागे घेतलं.

तासाभरात चालू आणि बंद करणं, एवढं झालं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

परवाचं सगळं विसरले! चालू करण्यापासून परत. मी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दिलं – १. उजवीकडचं बटण दाबा. २. थांबा. ३. परत दाबू नका. असे सहा कागद झाले. त्यांनी ते क्लिपला लावून टेबलावर ठेवले. माझी मान अभिमानानं ताठ.

३ डिसेंबर, मंगळवार

चौथा धडा. प्रगती शून्य. चिडचिड मात्र होत नाही. मला मुलं नाहीत, कुणाला बोट धरून काही शिकवायची वेळ कधी आली नाही. आईचं आजारपण बावीस वर्षं काढलं, तेव्हा कळलं होतं की माझ्यात चिकाटी आहे. पण तेव्हा चिकाटीला आनंद नव्हता. आता आहे. लिहिलं बाई एकदाचं.

हिंदमाताला जाऊन दोन साड्या घेतल्या. कारण काही नाही.

८ डिसेंबर, रविवार

आज कोठाऱ्यांना ॲपवर घेतलं! कसं घेतलं ते माझं मला माहीत. नाव, घर नंबर, ध्रुवचं नाव आणि त्याचा नंबर (घर दोघांच्या नावावर आहे), सगळं भरलं. मग त्यांच्या मोबाइलवर सहा आकडे येतात ते दोन मिनिटांत घालायचे. त्यांचा मोबाइल बटणांचा. आकडे आले तेव्हा चष्मा सापडेना. चष्मा सापडला तर मेसेज उघडेना. उघडला तोवर वेळ संपली. दुसऱ्यांदा फोन चार्जिंगला. तिसऱ्यांदा आकडे उलटे वाचले. मग ॲप म्हणालं, हा नंबर चोवीस तास बंद.

चोवीस तास कोण थांबतंय? अडलेलं काम मला बघवत नाही. सदतीस वर्षं नोकरीत मी हेच केलं. दुसऱ्याचा अर्ज अडला की मी माझ्या पेनानं भरायचे. म्हणून मी त्यांच्या घरासाठी माझा नंबर घातला. माझ्या फोनवर आकडे आले, मी घातले, झालं! अर्ध्या मिनिटात!

कोठारे बघत होते. म्हणाले, "तुमचा नंबर चालेल?"

"न चालायला काय झालं?"

९ डिसेंबर, सोमवार

अरे देवा!

सकाळी सहाला फोन उघडला तर ॲपच्या पहिल्याच पानावर फुलांची चौकट आणि मोठ्या अक्षरात – 'घर ६ व घर १२. दिघे-कोठारे कुटुंब. आपल्या नव्या कुटुंबाचं स्वागत करा!'

खाली अकरा बदाम. अकरा घरांनी दाबलेले!

एक नंबर म्हणजे एक कुटुंब, असा त्या ॲपचा हिशेब. दोन्ही घरांना माझा नंबर, म्हणून आम्ही एक. मी जिन्याखाली धावले, आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर काही करता येईल म्हणून. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! माझ्या रजिस्टरमध्ये अशी चूक झाली असती तर लाल रेघ, बाजूला सही आणि तारीख – एका मिनिटात मिटलं असतं. अभिषेककडे गेले. दात घासत बाहेर आला.

"मावशी, मी एडिट नाही करू शकत. रेकॉर्ड कंपनीकडे असतं ना. आपण फक्त वापरतो."

"आपल्या बिल्डिंगचं रेकॉर्ड आणि आपल्याला हात लावता येत नाही?"

"तोच तर फायदा आहे," म्हणाला. मग माझा चेहरा बघून म्हणाला, "म्हणजे, एरवी."

जिन्यात चौदा नंबरची नम्रता भेटली. मालवणची, तोंडाला फडकं नाही. "काय गो ताई, आमका लाडू नाय? इतक्या दिवसांनी एक चांगली नोटीस काढलात!" मी म्हटलं, टेक्निकल चूक आहे. ती म्हणाली, "होय गो, तसलीच असता."

बारा नंबरला गेले नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?

१० डिसेंबर, मंगळवार

हेल्पलाइनला फोन केला. वीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग अक्षता नावाची मुलगी आली, आवाज गोड, मराठी छान. "मॅम, दोन घरं वेगळी करायची तर विनंती टाकावी लागेल. कारण निवडा." कारणांची यादी फोनवर उघडली – सदस्याचं निधन. घटस्फोट. घर विकलं. भाडेकरू गेले. इतर.

"अगं, यातलं काहीच नाही. आम्ही एकत्र नव्हतोच कधी!"

"मग 'इतर' निवडा मॅम, आणि थोडक्यात लिहा."

इतर निवडलं. चौकट रिकामी. कर्सर उघडमीट करत बसला. काय लिहायचं ते एक ओळीचं, मला माहीत होतं. चौदा वर्षं कारणंच लिहीत आले. पण बोट चालेना. उद्या बघू म्हणून फोन ठेवला.

११ डिसेंबर, बुधवार

नाही केलं.

दिवसभरात ते पान पाच वेळा उघडलं. चूक कशी दुरुस्त करावी हे बघायला, असं मनाला सांगितलं. मन माझंच आहे, ते फसत नाही. दोन आडनावं एका ओळीत होती. मी ती बघत होते.

संध्याकाळी कोठारे स्वतः खाली आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा! दारातच उभे. "धडा चुकला आज तुमचा." मी म्हटलं, "तुम्ही ॲप बघितलं नाहीत वाटतं." म्हणाले, "मला कुठं उघडता येतं!"

बरं झालं, म्हटलं. त्यांना माहीतच नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तारीख दोनदा चुकली, खोडून लिहिली.

दुपारी ध्रुवचा फोन. त्यालाही ॲपचा निरोप गेलाय – तुमच्या कुटुंबात नवीन सदस्य, कालिंदी दिघे! मी माफी मागायला लागले तर तो हसत सुटला. "कालिंदीमावशी, मला तर छान वाटलं बघून. खरंच. बाबा एकटेच जेवतात याचा मला फार त्रास होतो." मी घाईघाईनं सगळं सांगितलं. त्यांना ॲप जमत नव्हतं, आकडे घालता येत नव्हते, म्हणून माझा नंबर घातला, वगैरे.

तिकडचं हसू थांबलं. मग म्हणाला, "बाबांना जमत नव्हतं? मावशी, आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो बाबांनी सुटे भाग आणून जोडलेला. विमा कंपनीत हप्त्याच्या लाखभर नोटिसा मशीनवर काढायचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. गेल्या महिन्यात माझा लॅपटॉप बसला तो त्यांनी फोनवरून सांगून चालू करून दिला."

मला त्यांनी एवढंच सांगितलं होतं – "मी नोटिसांच्या खात्यात होतो." मला वाटायचं, पाकिटं बंद करत असतील!

तशीच वर गेले. टॅब्लेट टेबलावर, चालू. बाजूला माझे सहा कागद, क्लिप लावलेले.

"तुम्हाला येत होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"आणि ॲपवर आपली नावं –"

"सोमवारी पावणेसहाला बघितलं."

"माझा नंबर घालत होते तेव्हा काय होणार ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंदाज होता. मी विचारलं तुम्हाला, चालेल का म्हणून."

ते चष्मा पुसत राहिले. मग काय बोलावं या माणसानं? "चहा टाकू?"

निघून आले. त्या घरातून चहा न घेता आजवर कधी उतरले नव्हते.

चावत नाही म्हणाले होते मी! परत दाबू नका! सहा कागद! लाज याची वाटत नाही की मी मूर्ख ठरले. लाज याची वाटते की मी एवढ्या आनंदानं जात होते, आणि समोरचा माणूस काही शिकत नव्हता, तो मला बघत होता.

१४ डिसेंबर, शनिवार

विनंती टाकली. कारण – इतर. चौकटीत लिहिलं, 'सचिवांच्या हातून चुकून एकत्र नोंद झाली. दोन्ही घरं वेगळी करावीत.' माझा होकार दाबला.

आता नियम असा. निरोप त्यांना गेलाय. त्यांनी होकार दाबला तर घरं वेगळी. नकार द्यायचा तर कारण लिहावं लागतं. आणि सात दिवसांत काहीच उत्तर दिलं नाही, तर विनंती आपोआप मंजूर. म्हणजे पुढच्या शनिवारी सकाळी.

अभिषेकनं कळवलं, बारा नंबर आता ॲपवर आलाच आहे तर पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटर आणि प्रिंटर भंगारात. मी ठीक आहे म्हटलं.

१५ डिसेंबर, रविवार

ॲप म्हणतं – 'गंगाधर कोठारे यांचं उत्तर आलेलं नाही. सहा दिवस बाकी.' रोज सांगणार म्हणे.

१६ डिसेंबर, सोमवार

राग उतरायला लागलाय. हा माझा दुर्गुण, राग टिकत नाही. डोकं थंड झालं की हिशेब जुळायला लागतो. ज्याला सगळं येतं त्यानं सभेत एकट्यानं हात वर केला, पंधरा जणांसमोर. त्याला कागद कशाला लागतो? मला कळत नाही असं नाही.

आणि मी काय कमी केलं? चौथ्यावर जाऊन परत तिसऱ्यावर उतरायचे ते काय गुडघ्यांसाठी? शिडी चढताना मधली पायरी सोडतं का कुणी! 'जिन्यात चपला ठेवू नयेत' – कुणाच्या होत्या चपला? एकाच्याही नव्हत्या. त्यांनी टॅब्लेट येत नाही असं सोंग केलं, मी नोटिशीचं केलं. माझं आधीपासून चाललेलं.

पण हे सगळं कळून करायचं काय? मी त्रेसष्ट, ते अडुसष्ट. उर्मिला माझी मैत्रीण होती. तीनच वर्षं मिळाली आम्हाला, पण दर शनिवारी दोघी मिळून वाल सोलायचो. हॉस्पिटलात म्हणाली होती, "यांना बोलता येत नाही गं. मनातलं तोंडावर यायला वर्ष लागतं." तेव्हा मी हसले होते.

सहा वर्षं झाली त्याला.

१७ डिसेंबर, मंगळवार

चार दिवस बाकी. बारा नंबरचं दार बंद. सकाळी त्यांनी दूध घेतलं, तेवढा आवाज आला.

विनंती मागे घ्यायचंही बटण आहे. बघितलं. दाबलं नाही. दरवेळी मीच का वर जायचं?

१८ डिसेंबर, बुधवार

माटुंग्याला कॉफी आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, किती? तोंडातून निघालं, "दोघांची." मग पाव किलो घेऊन आले. घरात तर मी चहा पिते.

तीन दिवस.

१९ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. नम्रताकडे पूजेला गेले होते. निघताना तिनं हातात दुसरी वाटी दिली. "हो प्रसाद बारा नंबराक देऊन जा गो. माझे पाय दुखतत." तिचे पाय! कालच चारही मजले धावत उतरताना बघितलं होतं.

मी वाटी घेतली, तिसऱ्या मजल्यावर आले, दारासमोर उभी राहिले. आत रेडिओ चालू होता. बेलपर्यंत हात गेला. मग वाटलं, मी आत गेले की ते चहा टाकतील, मी भानोल्याला नावं ठेवीन, आणि परत सगळं तसंच गुळमुळीत चालू राहील आणखी नऊ वर्षं. आम्हाला तेवढी नऊ वर्षं आहेत का? नाही. मला चहा नकोय. मला एकदा कुणीतरी माझ्यासाठी तोंड उघडलेलं हवंय. त्रेसष्ट वर्षांत कुणी उघडलेलं नाही. स्थळं आली ती आईला बघून गेली, आणि आई आजारी आहे म्हटल्यावर परत आली नाहीत.

वाटी दाराबाहेर स्टुलावर ठेवली, बेल वाजवली आणि खाली आले. पोरांसारखी! जिन्यात हसू आलं, आणि घरी येऊन रडू आलं. दोन्ही खरं होतं.

ॲप – 'उत्तर आलेलं नाही. दोन दिवस बाकी.' नाही दिलं तर परवा सकाळी ती ओळ जाईल. मला ती ओळ राहायला हवी आहे. ठळक लिहून ठेवते, कारण उद्या मीच नाही म्हणेन.

२० डिसेंबर, शुक्रवार

दुपारी चार. विनंती नामंजूर. कारणाच्या चौकटीत शुद्ध मराठीत, पूर्णविरामांसकट –

'सचिव याला चूक म्हणतात. मला ते मान्य नाही. नंबर घालू नका असं त्या वेळी सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. पुढे मला माझी एकट्याची नोंद नको आहे. कालिंदीबाईंची हरकत असेल तर त्यांनी समक्ष येऊन सांगावी. – गंगाधर कोठारे.'

सभासदाचं उत्तर सगळ्या घरांना जातं, हे त्यांच्यासारख्याला माहीत नसेल? माहीत होतं! सोळाही घरांनी वाचलंय. जिन्यात नम्रताचा आवाज येतोय, अभिषेकला काहीतरी सांगतेय.

माझी हरकत नाही. तेवढं समक्ष सांगायला वर चाललेय.